डिझाइन राहू द्या, वजनाचं बोला!

टायरच्या दुकानात पाय ठेवला की ठरलेला प्रश्न येतो, "कुठलं डिझाइन दाखवू?" अरे बाबा, आधी हे विचार की गाडीत काय भरतोस, मागं काय जोडतोस, रोज कुठून जातोस! ते कुणीच विचारत नाही. बीडला नाही, जालन्याला नाही, संभाजीनगरच्या चकाचक शोरूममध्ये तर नाहीच नाही. टायरवरची पांढरी अक्षरं बाहेर ठेवायची का आत, यावर मात्र अर्धा तास बोलतील.

माझं काम शेतावर सौर पंप बसवायचं. गाडी फोर बाय फोर पिकअप. हौद्यात पॅनेल आणि स्ट्रक्चरचे पाइप, मागं ट्रॉलीवर जनरेटर, वेल्डिंग मशीन, सिमेंटच्या गोण्या. आज गेवराईकडं गोदाकाठच्या काळ्या रानात, उद्या पाटोदा-आष्टीकडं बालाघाटाच्या दगडगोट्यांत, आणि मधे सगळं डांबर. अशा कामाला रान आणि डांबर दोन्हीकडं चालणारा ऑल टेरेन टायरच लागतो, हे मान्य. पण ऑल टेरेन म्हटलं म्हणजे झालं का? ओझ्याचं काय?

भरलेली ट्रॉली नऊशे किलोची धरा. तिचं दहा ते पंधरा टक्के वजन हुकावर यायला हवं, नाहीतर ट्रॉली रस्त्यावर शेपूट हलवायला लागते. म्हणजे ९० ते १३५ किलो हुकावर. आणि हुक असतो मागच्या ॲक्सलच्याही मागं, त्यामुळं पुढची चाकं हलकी होतात आणि मागच्या दोन टायरांवर हुकावरच्या वजनापेक्षाही जास्त भार पडतो. हौद्यातला माल वेगळाच. हे सगळं पेलणार आहे की नाही, ते टायरच्या अंगावरच लिहिलेलं असतं. साइजच्या पुढचा आकडा म्हणजे लोड इंडेक्स. तो ११२ असेल तर एका टायरला १,१२० किलो, ११६ असेल तर १,२५०, १२० असेल तर १,४००. एवढा एक आकडा! काउंटरवरच्या माणसाला तो विचारला तर म्हणतो, "साहेब, टेन प्लाय आहे, हत्ती बसवा."

टेन प्लाय, म्हणे दहा थर! टायर जरा उजेडात धर आणि गालावरची बारीक उठावाची अक्षरं वाच. तिथं साइडवॉलला, म्हणजे या गालाला, पॉलिएस्टरचे थर किती तेही छापलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो आकडा दोन किंवा तीन असतो. टेन प्लाय रेटिंग ही ताकदीची जुनी श्रेणी आहे, सुती दोऱ्याचे टायर होते तेव्हापासूनची. आत दहा थर नसतात. बालाघाटात धारदार दगड टायरच्या गालालाच लागतो, आणि साइड कट गेला की पंक्चरवाला हात वर करतो. म्हणून मला तो दोन की तीन हा आकडा हवा असतो. दिवसभर टायर विकणाऱ्यांना ते वाचता येऊ नये, याचा संताप येतो!

मग हवा. "पस्तीस मारतो, सगळ्यांना पस्तीसच." सगळ्यांना कसं काय पस्तीस? एलटी, म्हणजे हलक्या ट्रकच्या टायरवर छापलेला भार हा त्याच टायरवर छापलेल्या जास्तीत जास्त हवेला असतो, ई रेंजच्या, म्हणजे टेन प्लाय रेटिंगच्या टायरला ती ८० पीएसआयपर्यंत जाते. पस्तीसला तोच टायर तेवढं ओझं पेलत नाही. साइडवॉल दबते, सारखी वाकते, तापते. मे महिन्यात डांबर भाजत असताना, मागं ट्रॉली असताना तो फुटला तर? रानात चिखलासाठी हवा कमी करायची आणि डांबरावर यायच्या आधी परत भरायची, हे गिऱ्हाइकाला सांगायला किती वेळ लागतो?

आणि काळी माती! पहिला मोठा पाऊस झाला की ती ऑल टेरेनच्या खाचांत अशी गच्च बसते की दहा फुटांत टायर गुळगुळीत होतो. चारही चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही, ट्रॉली आडवी होते. मोठ्या बटणांचा मड टेरेन माती झटकतो, पण डांबरावर तो घोंघावतो, लवकर झिजतो, आणि ओल्या रस्त्यावर ओझ्यासकट ब्रेक मारला की जीव मुठीत. म्हणजे आमच्यासारख्यांनी पावसात अशा रानात ट्रॉली न्यायचीच नाही, ती बांधाला सोडायची आणि सामान डोक्यावरून न्यायचं. हे सरळ सांगणारा एक दुकानदार मला भेटलेला नाही. "कुठंही घाला साहेब, अडणार नाही," हेच सगळे म्हणतात.

वर आग्रह, एक साइज मोठी टाका, गाडी भारी दिसते. मोठ्या टायरनं गिअरिंग बदलतं, चढावर ट्रॉली ओढताना क्लच जळतो, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. दिसण्यासाठी क्लच जाळायचा का?

टायरवरचा डोंगर आणि बर्फाच्या चांदणीचा शिक्का दाखवून जास्त पैसे मागतात, ते वेगळंच. ती चाचणी बर्फावरच्या पकडीची आहे. बीडमध्ये मला तिचा काय उपयोग? व्हिडिओवालेही तसलेच. रिकामी गाडी लोणावळ्याच्या दगडांवर चढवतात आणि "जबरदस्त ग्रिप" म्हणतात. मागं ट्रॉली जोडून घाट उतरून दाखवा ना एकदा! २०२० मध्ये टायरच्या आयातीवर बंधनं आली, तेव्हापासून हवी ती साइज, हव्या त्या लोडमध्ये मिळणं आणखी अवघड झालंय. म्हणून असेल ते गळ्यात मारतात. टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे पाहायला गेलं, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे, तर टायर भिंतीकडं फिरवून ठेवलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी एका दुकानात मला जुनाच भाव सांगितला. विचारलं तर म्हणे, जुना स्टॉक आहे.

ट्रॉलीच्या टायरांचं तर नावच नको. गाडीचे झिजलेले काढायचे आणि ट्रॉलीला लावायचे, ही सगळीकडची रीत. नऊशे किलो त्यावरच चाललेत आणि मागं दुचाकीवर बायकापोरं घेऊन माणसं येतायत, याचा विचार कोण करणार?

मला पांढरी अक्षरं नकोत, फुकटची टोपी नको. लोड इंडेक्स, साइडवॉलचे थर, बनल्याची तारीख आणि माझ्या ओझ्याला किती हवा, एवढं बिलावर लिहून द्या. लिहून देणारं दुकान लातूरला असलं तरी मी तिथवर गाडी घेऊन जाईन.