व्होल्टेज कमी असताना गिझर जास्त करंट खेचतो का?

‘व्होल्टेज 180 वर आलं की 2000 वॅटचा गिझर 11 अँपिअर खेचतो, बिल वाढतं, वायर तापते,’ असा मेसेज फिरतो आहे. त्यात 2000 ला 180 ने भागलं आहे. भागाकार बरोबर, पण तो इथे लागूच होत नाही.

गिझरवरचे 2000 वॅट हे 230 व्होल्टसाठी असतात. त्या वेळी करंट 8.7 अँपिअर, म्हणजे कॉइलचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) 230 भागिले 8.7, साधारण 26.5 ओहम. कायम राहतो तो हा रोध, वॅट नव्हेत. कॉइलमधल्या नायक्रोम या मिश्रधातूच्या तारेचा रोध तापल्यावरही फारसा बदलत नाही. मग 180 व्होल्टला करंट 6.8 अँपिअर आणि पॉवर 180 गुणिले 6.8, सुमारे 1225 वॅट. करंट घटतो!

बिलाचं म्हणाल, तर 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर न्यायला साधारण 0.61 युनिट लागतं. पूर्ण व्होल्टेजवर 18 मिनिटं, 180 वर 30 मिनिटं. युनिट जवळपास तेवढंच. जास्त वेळात थोडी उष्णता बाहेर जाते, एवढाच फरक.

मेसेजमधली भीती विहिरीवरच्या मोटरबाबत मात्र खरी आहे. भार तोच राहिला तर इंडक्शन मोटर कमी व्होल्टेजला खरोखर जास्त करंट घेते आणि वाइंडिंग जळू शकतं. शेतकऱ्यांनी ती काळजी जरूर घ्यावी. गिझरसाठी नवा स्टॅबिलायझर घेण्याची गरज नाही.