नदीकाठी, पण जरा वर

न्यूयॉर्क राज्याच्या पार्कात तंबू ठोकायची जागा नऊ महिने आधीपासून बुक करता येते. नऊ महिन्यांत माणसाचं अख्खं मूल तयार होऊन घरी येतं, पण इथे तेवढी वाट पाहिल्यावर हातात पडतं काय, तर एक मातीचा चौकोन, एक लाकडी टेबल आणि शेकोटीसाठी एक लोखंडी कडं. छप्पर आपलं आपण आणायचं.

हे बुकिंग आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपातल्या लीडरने केलं. त्याला लीडर कुणी केलं नाही. पण कोण काय आणणार याची एक्सेल शीट तो बनवतो, म्हणून तो लीडर. या वेळच्या शीटमध्ये तंबू, दोऱ्या, कंदील, प्रथमोपचार असे रकाने होते आणि आमच्या मंडळींनी सगळ्यांसमोर ‘फरसाण’ लिहिलं होतं.

ठिकाण होतं लेचवर्थ स्टेट पार्क. जेनेसी नदीने कोरलेली खोल घळ, तिच्या दोन्ही बाजूंनी जंगल, मिळून १४,००० एकरांहून मोठा पसारा. पूर्वेकडचं ग्रँड कॅन्यन म्हणतात त्याला. ‘नदीकाठी दोन रात्री’ असं लीडरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं आणि नेमकं तेवढंच माझ्या आईने वाचलं.

आई वाईची. उन्हाळ्यापुरती आमच्याकडे आली होती. कृष्णेच्या घाटावर जन्म गेलेल्या बाईला नदी म्हटलं की दोनच गोष्टी कळतात: पायऱ्या उतरायच्या आणि पाण्यात पाय सोडून बसायचं. तिने पर्समध्ये हळदी-कुंकवाची पुडी टाकली, पाय पुसायला एक पंचा घेतला आणि जाहीर केलं, “मी तयार आहे.”

पाच तासांचा रस्ता आम्ही सात तासांत काटला. वाटेत प्रत्येक रेस्ट एरियात कुणीतरी उतरायचं आणि उतरलंच आहे तर चिवडा काढायचा, हा क्रम कुणी मोडला नाही.

लाकडांवरून आदल्या रात्रीच एक अंक झाला होता. लीडरच्या परसात पडलेल्या झाडाची सुकी लाकडं गाडीत भरायचं ठरलेलं. मग त्याच्या बायकोने नियम वाचला. न्यूयॉर्कमध्ये जळाऊ लाकूड, भट्टीत तापवून निर्जंतुक केलेलं नसेल, तर ५० मैलांपलीकडून आणायला बंदी आहे. कारण एक हिरवा, चकचकीत भुंगा. त्याच्या अळ्या अ‍ॅश झाडाची साल आतून पोखरतात आणि उभी झाडं मारतात. लाकडाच्या ओंडक्यात बसून तो गावोगाव फिरतो. मूळचा आशियातला. कुठलाही व्हिसा न काढता इथे आला, देशभर पसरला आणि आता त्याला कुणी बाहेर काढू शकत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत केस पांढरे झालेल्या आमच्या ग्रुपाने ही माहिती काही वेळ शांतपणे पचवली.

त्यामुळे लाकडं तिथेच विकत घेतली. “जंगलात लाकडं विकत?” आई म्हणाली. आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही.

आमची जागा हायबँक्स भागात होती. तिथे तंबू आणि गाड्यांसाठी अशा २७० जागा आहेत. सुंदर झाडी, स्वच्छ नळ, गरम पाण्याच्या अंघोळीची सोय. आई खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

“नदी कुठंय?”

लीडरने झाडांपलीकडे हात केला. तिथे गेलो तर कठडा. कठड्यापलीकडे काही नाही, म्हणजे नुसती हवा. त्या हवेच्या तळाशी एक तपकिरी रेघ वळण घेत चाललेली. या घळीचे कडे काही ठिकाणी साडेपाचशे-सहाशे फूट आहेत. आईने कठड्याला धरून खाली बघितलं, मग लीडरकडे बघितलं.

“हे नदीकाठीच आहे काकू,” तो म्हणाला. “फक्त जरा वर.”

तंबू उभारण्याबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यातला बराचसा संवाद छापण्यासारखा नाही. पिशवीवर ‘दोन माणसं, दहा मिनिटं’ लिहिलेलं होतं. ती दोन माणसं कोण असतात मला बघायचंय. आम्ही चार इंजिनिअर होतो, त्यातला एक तर पुलांची डिझाइनं करतो. कमानी उभ्या राहिल्या की खुंट्या निघायच्या, खुंट्या ठोकल्या की कमानी आडव्या व्हायच्या. पुलांवाला म्हणाला की तत्त्वतः हे बरोबर आहे. शेवटी शेजारच्या जागेवरच्या घराएवढ्या मोठ्या व्हॅनमधून एक वयस्क गोरे आजोबा उतरले, एक शब्द न बोलता दोन दांड्यांची अदलाबदल केली आणि परत जाऊन टीव्ही बघत बसले.

शेकोटीचंही तसंच. लीडरने ओंडक्यांवर अर्धी बाटली लायटर फ्लुइड ओतलं. ते भडकलं, जळून गेलं आणि लाकडं जशीच्या तशी, फक्त ओली. मग आईने सगळ्यांना बाजूला केलं. काटक्यांचा लहानसा तिकोना रचला. टिशूची पुंगळी करून खोबरेल तेलात बुडवली, पर्समध्ये डोक्याला लावायची बाटली होतीच, आणि ती मधोमध सारली. मग कागदी प्लेट गुंडाळून फुंकणी केली, पदर सावरायच्या सवयीने ओढणी खांद्यावर मागे टाकली आणि खाली वाकून लांब, सावकाश फुंकर मारली. तिसऱ्या फुंकरीला जाळ लागला. “आता मोठं लाकूड ठेवा,” ती म्हणाली आणि चार इंजिनिअर एकदम लाकूड ठेवायला धावले.

त्या निखाऱ्यांवर वांगी भाजली. भरिताचा वास गेला तसे व्हॅनवाले आजोबा पुन्हा आले. त्यांना भरीत आणि भाकरी दिली, त्यांनी पोरांना मार्शमॅलो दिले. व्यवहार कुणाला महागात पडला ते मी सांगत नाही.

रात्री दहा ते सकाळी सात शांतता पाळायची, असा तिथे नियम. आमची अंताक्षरी तेव्हा ‘ळ’वर अडली होती, म्हणजे तशीही शांतताच होती. मग सगळे झोपले आणि कॅम्पिंगचं खरं संगीत सुरू झालं: चेन. तंबूची चेन दिवसा ऐकू येत नाही. रात्री दीड वाजता ती सावकाश, कुणाची झोप मोडू नये म्हणून दातादाताने उघडायला लागलं की शेजारचे पाच तंबू जागे होतात. तंबूला आतून एक चेन आणि बाहेरून एक. जाताना दोन्ही उघडायच्या आणि दोन्ही लावायच्या, येताना पुन्हा तेच. आमच्या ग्रुपाचं सरासरी वय लक्षात घेता रात्रभर कुणी ना कुणी चाललेलंच होतं, हातात मोबाइलचा टॉर्च आणि पाण्याची बाटली घेऊन. अंधारात समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाला अशा वेळी काय म्हणायचं असतं? मी ‘नमस्कार’ म्हणालो.

त्याच फेरीत मला रॅकून दिसला.

टेबलाखाली आमचा कूलर होता. त्याच्यासमोर तो मागच्या पायांवर बसलेला, डोळ्यांवर काळा पट्टा, पुढचे पाय म्हणजे सरळ हातच. घाई अजिबात नाही. बोटांनी कूलरची खिट्टी चाचपली, वर ढकलली, झाकण उचललं. आतून पोळ्यांचा डबा काढून बाजूला ठेवला. मग श्रीखंडाचा डबा काढला, तो उलटासुलटा करून बघितला आणि कडेच्या खाचेत नख घालून झाकण उडवलं. हाच डबा उघडायला माझ्या बायकोने दुपारी माझी मदत मागितली होती आणि मला तो उघडला नव्हता. मी टॉर्च मारला. त्याने मान वर करून माझ्याकडे असं बघितलं की मीच ‘सॉरी’ म्हणून टॉर्च बंद केला. सकाळी श्रीखंडाचा डबा धुतल्यासारखा स्वच्छ होता. लसणाच्या चटणीचं झाकण उघडं होतं, चटणी जशीच्या तशी आणि टेबलाभोवती इकडून तिकडे पळाल्याच्या खुणा.

दुसऱ्या दिवशी धबधबे. पार्क १७ मैल लांब, आमचा तंबू उत्तर टोकाला आणि मोठे तिन्ही धबधबे दक्षिण टोकाला. गाडीत बसून अर्धा तास. त्यात ही नदी पेनसिल्व्हेनियात उगम पावून उत्तरेकडे वाहत ऑन्टारिओ सरोवराला मिळते, त्यामुळे नकाशात अप्पर फॉल्स खाली आणि लोअर फॉल्स वर. लीडरने नकाशा उलटा धरला, मग स्वतः उलटा उभा राहिला आणि मग म्हणाला की आपण आधी काहीतरी खाऊन घेऊ.

मधला धबधबा सगळ्यात मोठा, १०७ फूट. तो थेट समोर दिसेल अशा जागी एक पांढरं, खांबांचं, जुनं घर आहे. विल्यम लेचवर्थ या बफलोच्या कारखानदाराने १८५९ मध्ये ही जागा घेतली, झाडं लावली, आजूबाजूची जमीन जोडत गेला. पुढे नदीवर वीज काढणाऱ्यांचा डोळा पडायला लागला, तेव्हा १९०६ मध्ये त्याने आपली सुमारे हजार एकर जमीन राज्याला देऊ केली. अट एकच, मी आहे तोवर इथे राहणार. हे मी पाटीवरून आईला वाचून दाखवलं.

“शहाणा माणूस,” आई म्हणाली. “हयातीत काही पोरांच्या नावावर करू नये.”

“त्याने लग्न केलं नव्हतं, आई.”

“तरी बघ,” ती म्हणाली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

वरच्या धबधब्यावरून रेल्वेचा पोलादी कमानी पूल जातो, २०१७ मध्ये झालेला. आमच्या पुलांवाल्याने त्याखाली उभं राहून एवढं भाषण दिलं की आदल्या दिवशीचा तंबू आम्ही त्याला माफ केला.

खालच्या धबधब्याला मात्र आशा होती. तिथे १२७ दगडी पायऱ्या उतरून थेट नदीपाशी जाता येतं. पायऱ्या म्हटल्यावर आईचा चेहराच उजळला. लीडरने दोन हायकिंगच्या काठ्या, गुडघ्याचे पट्टे आणि पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी चढवली. आईने पंचा खांद्यावर टाकला. मांढरदेवी चढलेली बाई ती, खाली पोचून हळदी-कुंकवाची पुडी उघडून उभी होती तेव्हा लीडर मधल्या वळणावर ‘व्ह्यू’ बघत होता.

खाली घळ एकदम चिंचोळी होते. पाणी दगडांत कोंडून घुसतं, वर दगडी पूल, आवाजाने बोललेलं ऐकू येत नाही. आणि कठड्याला पाटी: पाण्यात उतरायला मनाई. कठड्यापलीकडे जायलाही मनाई. पाटी योग्यच होती, ते पाणी बघून मी स्वतः दोन पावलं मागे सरकलो होतो. पण आई पंचा घेऊन उभी. पार्कचा एक तरुण कर्मचारी जवळ आला. आईने त्याला मराठीत सांगितलं की मला पोहायचं नाहीये, फक्त पाय. शेवटी दोन बोटं दाखवून ‘एवढंच’ म्हणाली. त्याला भाषा कळली नाही, पण मागणी पूर्ण कळली असावी. त्याने फार नम्रपणे मान हलवली आणि हायबँक्सला एक छान स्विमिंग पूल आहे असं सुचवलं. मी भाषांतर केलं.

“क्लोरीनमध्ये कुंकू?” आई म्हणाली. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

परतताना म्हटलं, निदान धरण दाखवू. पार्काच्या उत्तर टोकालाच माउंट मॉरिसचं धरण आहे, १९५२ मध्ये पूर्ण झालेलं. हे धरण पूर आला की पाणी अडवतं, एरवी नदीला खालून जाऊ देतं. १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळात ते जवळजवळ काठोकाठ भरलं होतं. आम्ही गेलो तेव्हा भलीमोठी काँक्रीटची भिंत, मागे गवत आणि झाडोरा, मधून तीच तपकिरी रेघ. धोम धरणाच्या फुगवट्यावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आईने भिंतीच्या एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या.

“पाणी नेमकं कुठल्या बाजूला असतं?”

घरी पोचलो. तंबू ओला होता आणि आमच्या सोसायटीत बाल्कनीत काही वाळत घालायला बंदी आहे, म्हणून तो दिवाणखान्यात सोफा आणि टीव्हीच्या मधे ताणून बांधला. या वेळी पहिल्या फटक्यात उभा राहिला. पोरं लगेच उशा घेऊन त्यात झोपायला गेली.

सकाळी उठलो तेव्हा आई स्वयंपाकघरात मावशीला फोनवर सगळं सांगत होती. स्पीकर बंद होता, त्यामुळे मला एकच बाजू ऐकू येत होती.

“हो, नदी होती ना. खाली. … नाही गं, खूपच खाली. … जमिनीवर झोपलो. … हो, सगळेच. तो पण. … अगं, मांजराएवढं जनावर, श्रीखंड खाऊन गेलं. … चूल मीच पेटवली. … पैसे? दिले ना त्याने, आधीच भरले होते. … नाही, नाही, तसं काही नाही. घर आहे त्याचं, तीन बेडरूमचं. … हो गं, नोकरी पण आहे.”