‘छपराला भोकं पाडली आणि घर गळायला लागलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही लिहिलंय की २०२३ मध्ये आम्ही सोलर पॅनल बसवले तोवर घर कधी गळलं नव्हतं. आता या वसंतातल्या पावसात वरच्या बेडरूमच्या सीलिंगवर तपकिरी डाग आला. आमची माणसं आली, छपरावर पाणी मारून बघितलं, ‘हे आमच्या कामातून येत नाही’ म्हणाली आणि गेली. वर पॅनल काढायचे तर हजारो डॉलर लागतील असंही सांगितलं. घरात पाणी शिरलं की झोप उडते, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. उत्तर इथे सविस्तर देतोय, कारण न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपासची आपली बरीच मंडळी सोलर घेण्याआधी नेमकं हेच विचारतात.

आधी डागाबद्दल. पाणी जिथे टपकतं तिथेच ते शिरलेलं असतं असं नाही. छपरातून आत आलं की ते राफ्टरच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडी वाशाच्या, कडेने उतरत जातं आणि बऱ्याच अंतरावर, जिथे अडतं तिथे ठिबकतं. म्हणून आमचा एक माणूस टॉर्च घेऊन छपराखालच्या माळ्यावर म्हणजे अ‍ॅटिकमध्ये बसला आणि दुसऱ्याने छपरावर पाणी मारायला घेतलं. सुरुवात अगदी खालून केली. एका पट्ट्यावर बराच वेळ पाणी, मग त्याच्या वरचा पट्टा. एकदम सगळीकडे पाणी सोडलं तर घर गळतंय एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही. पॅनलखालचे सगळे पाय असे भिजवले, तरी आतलं लाकूड कोरडं राहिलं. मग बाथरूमच्या व्हेंट पाइपभोवती (हवा जाण्यासाठी छपरातून वर काढलेला पाइप) पाणी सोडलं आणि थोड्याच वेळात पाइपच्या बाहेरच्या अंगाने ओघळ उतरला, राफ्टरवर आला आणि तुमच्या डागाच्या दिशेने निघाला. त्या पाइपभोवतीची रबरी कॉलर वरच्या बाजूने फाटली आहे. फटीत नख जातं. फोटो आणि व्हिडिओ त्याच संध्याकाळी तुम्हाला पाठवले आहेत, तेवढे कृपा करून बघा.

‘मग इतकी वर्षं का नाही गळलं?’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तुमचं छप्पर २०१२ सालचं. डांबरी शिंगल, म्हणजे छपरावर ओळीने बसवलेल्या चपट्या पट्ट्या, वीस-पंचवीस वर्षं टिकते, पण त्याच दिवशी बसवलेली ही रबरी कॉलर उन्हाने बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांतच तडकते. काम सुरू करण्याआधी आम्ही छपराचे फोटो काढून अहवाल दिला होता. त्यात या कॉलरवरच्या बारीक चिरांचा फोटो आहे आणि रूफरकडून (छपराचं काम करणाऱ्याकडून) बदलून घ्या असं लिहिलंय. करारासोबतच्या कागदांच्या ढिगात असा कागद मागे पडतो, त्यात तुम्हाला दोष देत नाही.

आता भोकांबद्दल. भोकं पडतात, हे खरंच आहे. पॅनलची रेल ज्या पायांवर उभी असते, त्या प्रत्येक पायाचा लॅग बोल्ट, म्हणजे लाकडात घुसणारा जाड स्क्रू, शिंगल आणि प्लायवूडमधून थेट राफ्टरमध्ये जातो. तुमच्याकडे ५/१६ इंची बोल्ट आहेत, राफ्टरच्या लाकडात निदान अडीच इंच रुतलेले. एवढी पकड लागते ती वाऱ्यासाठी. पॅनलचं वजन छप्पर सहज पेलतं, पण वादळात वारा पॅनलखाली शिरून त्याला वर उपटायला बघतो. बोल्ट राफ्टरच्या मधोमध बसला की लाकूडच त्याला आवळून धरतं. बाजूने गेला तर नुसत्या प्लायवूडवर लटकतो, वाऱ्यात हलतो आणि भोक रुंद होत जातं. म्हणून राफ्टरची जागा आधी पक्की करायची, बोल्टपेक्षा बारीक पायलट होल पाडून लाकूड लागतंय का ते बघायचं आणि मगच बोल्ट. होल चुकलाच तर त्यात सीलंट कोंबून पुढे जायचं नाही, त्या भोकावरही पत्रा घालायचा. हे आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

पाणी अडवायचं काम मात्र त्या पत्र्याचं, म्हणजे फ्लॅशिंगचं. कोकणातलं कौलारू घर आठवा. वरच्या कौलाचं पाणी खालच्या कौलाच्या पाठीवर पडतं, म्हणून एकही सांधा चिकटवलेला नसताना चार महिन्यांचा पाऊस बाहेर राहतो. शिंगलचं गणितही तेच. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वरच्या ओळींच्या शिंगलखाली पुरेसा आत सरकवला की वरून येणारं पाणी पत्र्यावर येतं, बोल्टला वळसा घालतं आणि खालच्या शिंगलवरून गटरकडे जातं. सीलंट आम्हीही वापरतो, बोल्टच्या भोकात आणि पत्र्याच्या खाली, पण तो जोडीला. उन्हात, बर्फात तो कधीतरी कडक होणारच. पत्रा नीट सरकवलेला असेल तर त्यानंतरही पाणी आत येत नाही.

हा पत्रा सरकवणं दिसतं तितकं सोपं नाही. शिंगलच्या ओळी डांबराच्या पट्टीने एकमेकींना चिकटलेल्या असतात. ती पट्टी चपट्या पहारीने हलकेच सोडवावी लागते आणि आड येणारे खिळे काढावे लागतात. घाई केली की शिंगल फाटते. कडाक्याच्या थंडीत ती बिस्किटासारखी तुटते, म्हणून जानेवारीत तापमान फार खाली गेलं की आम्ही काम पुढे ढकलतो, गिऱ्हाईक नाराज झालं तरी. जुलैच्या दुपारी उलट ती इतकी मऊ होते की बुटाखाली वरची खडी सुटते, म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर चढतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंय की दुसरा एक कंत्राटदार सगळ्या पायांभोवती चारही बाजूंनी काळं सीलंट भरून द्यायला तयार आहे. हात जोडून सांगतो, हे करू नका. फ्लॅशिंगची खालची कड मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. वाऱ्याने पाऊस आडवा मारला की थोडं पाणी पत्र्याखाली जातंच आणि त्या मोकळ्या कडेने बाहेर पडतं. ती कड बुजवली की पाणी आत कोंडतं आणि भोकाशीच साचून राहतं. आज जे पाय कोरडे आहेत तेच मग गळू लागतील. कोणीही सीलंटची नळी घेऊन छपरावर चढणार असेल तर त्याला विचारा, खालची कड मोकळी ठेवणार का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला चढू देऊ नका.

अ‍ॅटिकमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. बाथरूमच्या एक्झॉस्ट पंख्याची नळी निसटून आतच पडली आहे. अंघोळीची सगळी वाफ अ‍ॅटिकमध्ये जाते, हिवाळ्यात गार खिळ्यांच्या टोकांवर गोठते आणि ऊन पडलं की टपकते. ते हुबेहूब छपराच्या गळतीसारखं दिसतं. ती नळीही जोडून घ्या.

पैशांचा खुलासा. आमच्या माणसाने सांगितलेली मोठी रक्कम संपूर्ण छपराची शिंगल बदलायची झाली, तर सगळे पॅनल उतरवून पुन्हा चढवण्याची होती. तुम्हाला आज त्याची गरज नाही. व्हेंट पाइप पॅनलच्या बाहेर आहे, एकही पॅनल हलवावा लागणार नाही. रूफरसाठी कॉलर बदलणं हे किरकोळ काम आहे. छपराचं आयुष्य सरत आलेलं असेल तर आम्ही आधी शिंगल बदला, मग सोलर घ्या असं सांगतो, ते याच मोठ्या खर्चामुळे. त्यापायी कामं हातची गेली आहेत, तरी तेच सांगत राहू.

आम्ही दिलेली लेखी हमी दहा वर्षांची आहे. आमच्या एकाही भोकातून पाणी आलं तर छप्पर, सीलिंग आणि रंग, सगळं आमच्या खर्चाने. पाणी मारताना तुम्ही कामावर होता. पुन्हा बघायचं असेल तर शनिवारी घरी थांबा, तुम्ही स्वतः अ‍ॅटिकमध्ये बसा, आम्ही वरून पाणी सोडतो. तुमच्या विश्वासातला रूफर सोबत असला तर उत्तमच. तो कॉलर बदलेल त्या दिवशी आमचा माणूस तिथे थांबेल आणि काम झाल्यावर पुन्हा पाणी मारून दाखवेल. त्याचे पैसे नाहीत. तारीख दोन दिवस आधी ऑफिसला कळवा.