चाळीसपैकी एकवीस म्हणजे नापास नाही

माझी धाकटी बहीण रुग्णवाहिकेवर काम करते. परवा सकाळी रात्रपाळीवरून आली ती थेट फोन पुढे करत. अंगावरचा युनिफॉर्मही बदलला नव्हता. "ताई, मला एकवीसच पडले गं. सोडू का हे काम?"

तिच्या शिफ्ट इनचार्जनी टीमच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड होता तो. सगळीकडे फिरतोय. मनाच्या कणखरपणाची चाचणी: दहा विधानं, प्रत्येकाला शून्य ते चार गुण आणि खाली ठळक अक्षरांत तीन फर्मानं: तीसच्या खाली गुण असलेल्यांनी आपत्कालीन सेवेत राहू नये, मनाचा कणखरपणा जन्मजात असतो, वाईट कॉल झाला की त्याच दिवशी प्रत्येकाला सगळं बोलायला लावा.

तीसवर ही रेघ मारली कुणी? दहा विधानं आणि चाळीस गुण हा साचा मनाचा कणखरपणा मोजणाऱ्या कॉनर-डेव्हिडसन मोजपट्टीच्या छोट्या आवृत्तीचा आहे. मूळ पट्टी २००३ची, २५ विधानांची, १०० गुणांची. ती माणसाला गेल्या महिन्याभराबद्दल विचारते. कुणाला कामावर ठेवायचं आणि कुणाला घालवायचं, हे ठरवण्यासाठी ती बनलेलीच नाही.

बहिणीचा गेला महिना कसा होता? रात्रपाळ्यांवर रात्रपाळ्या. त्यात एक लहान मूल. हॉस्पिटलच्या दारापर्यंत ती त्याच्या छातीवर दाब देत राहिली, ते वाचलं नाही. अशा महिन्यानंतर तिने 'मी खचत नाही' यापुढे 'कधीकधी' लिहिलं. खरं तेच लिहिलं! नोकरीच्या भीतीने जो डोळे मिटून सगळीकडे चार टाकेल, तो मात्र पास. म्हणजे प्रामाणिक माणूस बाहेर आणि मनातलं दडवणारा रुग्णवाहिकेत. याचा मला संताप येतो.

जन्मजात वगैरे तर त्याच २००३च्या अभ्यासात खोडलं गेलंय. उपचार घेणारे रुग्ण जसे बरे होत गेले, तसे त्यांचे गुणही वाढले. जन्मतःच ठरलेली गोष्ट उपचाराने वाढते का?

सक्तीने बोलायला लावणं? आघातानंतर एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याच्या प्रयोगांचा आढावा २००२पासून उपलब्ध आहे; तो कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा. अशा बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, सक्ती बंद करा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. स्वतःहून सोबत्याशी बोलणं वेगळं.

एक मात्र मान्य करते, मोजणं मुळात वाईट नाही. नावं न घेता, अख्ख्या टीमचं, दर काही महिन्यांनी मोजा. सगळ्यांचे आकडे एकदम घसरले तर ड्यूटीचा तक्ता तपासा, माणसं नंतर.

बहिणीने राजीनामा लिहिला नाही. सलग दोन दिवसांच्या सुट्टीचा अर्ज लिहिलाय. उद्या तो त्याच इनचार्जच्या टेबलावर जाईल.