पश्चात्ताप परतफेडीपर्यंत जायला हवा

उपवासकाळातल्या पश्चात्तापावरचा तुमचा लेख आवडला. ईस्टरआधीच्या या दिवसांत रोज शास्त्रपाठ, प्रार्थना आणि पापांगीकार (पापांची कबुली) करावा, हे अगदी पटलं. पण पश्चात्ताप तुम्ही डोळ्यांतल्या पाण्यापाशीच थांबवलात, तिथे माझं मन अडलं.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला (अध्याय 19) जक्कय बघा. मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू घरी आल्यावर तो रडल्याचं लूक कुठेच लिहीत नाही. उभा राहतो आणि हिशेबच मांडतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट परत. मोशेचं नियमशास्त्र तर मूळ रकमेवर पाचवा हिस्सा वाढवून द्यायला सांगत होतं (लेवीय 6). त्याने त्याहून कितीतरी जास्त कबूल केलं! पश्चात्तापाचं स्तोत्र 51 आपण गुडघ्यांवर म्हणतो, म्हणावंच. पण भावाचा वाटा दाबून ठेवलेला असेल तर मत्तय 5 प्रमाणे अर्पण वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जायचं.

वचन पाठ करण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यात आमच्या नाशिकची एक भर. गुलामगिरीतून सुटलेला जेकब वेनराईट इथे शरणपूरच्या मिशन शाळेत शिकला. 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांचं हृदय पुरताना प्रार्थना त्यानेच वाचली. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या आपल्या मुलांना हे माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं. संडे स्कूलमध्ये हे सांगा, आणि पुढचा लेख परतफेडीवर जरूर लिहा.