सद्गुणी स्त्री शेत विकत घेते

गेल्या काही महिन्यांपासून कोल्हापूर आणि आसपासच्या ख्रिस्ती मंडळ्यांतील स्त्रियांच्या मोबाइलवर गुलाबी फुलांचे चित्र असलेला एक संदेश फिरत आहे. ‘देवाच्या नजरेत स्त्रीचे मोल’ असे त्याचे शीर्षक असून त्यात पाच विधाने केलेली आहेत. स्त्री पुरुषाची साहाय्यक म्हणून निर्माण झाली, म्हणून तिची जागा त्याच्या मागे आहे. सद्गुणी स्त्रीचे जग उंबऱ्याच्या आत असते. मातृत्व हाच देवाने तिला नेमून दिलेला हेतू असून मूल न होणे हे देवाच्या नाराजीचे चिन्ह आहे. मंडळीत स्त्रीने मौन धरावे. आणि घरात त्रास असला तरी तो निमूट सोसावा, कारण देवाची योजना हिताचीच असते. प्रत्येक विधानाखाली बायबलमधील वचनाचा संदर्भ आहे, आणि सगळ्यात वर लिहिले आहे, ‘भगिनींच्या उत्तेजनासाठी’.

आमच्या बुधवारच्या महिला सभेत एका भगिनीने चष्मा पुसून हा संदेश मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या विधानाशी ती आली तेव्हा माझ्या शेजारी बसलेली बाई आपल्या बोटांकडे पाहू लागली. ती हुपरीकडची, घरी बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडते, त्यामुळे तिच्या बोटांची टोके कायम काळवंडलेली असतात. लग्नाला चौदा वर्षे झाली, मूल नाही. सभा संपल्यावर मी विरोध दर्शवला तेव्हा उत्तर मिळाले, “अहो बाई, खाली वचन दिलंय की.” वचन दिले आहे हे खरेच आहे, आणि म्हणूनच उत्तरही वचनांतूनच द्यायला हवे.

पहिले विधान उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायावर उभे आहे. तेथे देव म्हणतो की मनुष्याने एकटे असणे बरे नाही, त्याच्यासाठी अनुरूप साहाय्यक करावा. आपली पंचाईत अशी की मराठी कानाला ‘साहाय्यक’ म्हटले की साहाय्यक अभियंता आठवतो, साहाय्यक शिक्षक आठवतो, म्हणजे वरिष्ठाच्या हाताखालचे पद. मूळ हिब्रू शब्द ‘एझेर’ असा आहे. जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागात, तो एकवीस वेळा येतो; त्यांपैकी दोनदाच तो स्त्रीविषयी आहे, आणि बहुतेक ठिकाणी साहाय्य करणारा स्वतः परमेश्वर आहे. “मला साहाय्य कोठून येईल?” असे विचारणारे 121 वे स्तोत्र आपल्यापैकी अनेकींना तोंडपाठ आहे, त्यातले साहाय्य म्हणजे हाच शब्द. मोशेने आपल्या एका मुलाचे नाव एलियेजर ठेवले, ‘माझा देव माझे साहाय्य’, त्यातही तोच. साहाय्य करणारा जर साहाय्य घेणाऱ्यापेक्षा खालचा ठरत असेल, तर परमेश्वर इस्राएलाच्या हाताखालचा ठरेल, आणि ते तर संदेश लिहिणाऱ्यालाही मान्य होणार नाही. ‘अनुरूप’ या शब्दामागचा हिब्रू प्रयोगही समोरासमोर उभा राहणारा, तोडीचा, असाच अर्थ सांगतो. शिवाय हा दुसरा अध्याय आहे. त्याच्या आधी पहिला अध्याय येतो, आणि तेथे 27 व्या वचनात नर आणि नारी दोघांनाही देवाने आपल्या प्रतिरूपात निर्माण केल्याचे सांगितले आहे. सृष्टीवर सत्ता चालवण्याची आज्ञाही लगेच पुढे दोघांनाच मिळून दिली आहे. स्त्रीचे मोल तिथे ठरून गेले. तोवर तिला ना नवरा होता, ना मूल, ना स्वयंपाकघर.

दुसऱ्या विधानासाठी जुन्या करारातील नीतिसूत्रे या पुस्तकाचा 31 वा अध्याय पुढे केला जातो. हा अध्याय आपल्याकडे लग्नात वाचतात, अंत्यविधीला वाचतात, आणि मधल्या काळात सुनेला ऐकवायलाही त्याचा उपयोग होतो. तो सबंध वाचणारे मात्र थोडे. त्या अध्यायातील स्त्री लोकर आणि ताग मिळवते, शेत पाहून ते विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, आपला व्यापार किफायतशीर आहे हे जाणते, तागाची वस्त्रे करून विकते, व्यापाऱ्यांना कंबरपट्टे पुरवते, गरिबाला हात देते आणि तोंड उघडते ते शहाणपणाने. उंबऱ्याच्या आतले जग ते हेच असेल तर त्या उंबऱ्याला शाहूपुरीतल्या व्यापारी पेढीचा उंबरा म्हणावे लागेल. ती पहाटेपूर्वी उठून घरच्यांच्या अन्नाची व्यवस्था करते हेही खरे, पण त्याच वचनात तिच्या दासींचाही उल्लेख आहे, जो ऐकवताना हमखास गळतो.

येथे मला दोन गोष्टी विशेष मांडायच्या आहेत. पहिली अशी की, अध्यायाच्या आरंभीच लिहिले आहे की ही वचने लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवली. म्हणजे हा उपदेश एका आईने आपल्या मुलाला केलेला आहे. स्त्रीचे मोल कसे ओळखावे हे तो पुरुषाला शिकवतो. बाईच्या कामांची यादी म्हणून तो तिच्या गळ्यात बांधणे म्हणजे दुसऱ्याच्या नावचे पत्र फोडून तिला वाचून दाखवणे आहे. दुसरी गोष्ट ‘सद्गुणी’ या शब्दाची. हिब्रूत येथे ‘एशेत हयिल’ असे शब्द आहेत आणि ‘हयिल’ म्हणजे सामर्थ्य, पराक्रम. सैन्यालाही हाच शब्द लावतात आणि गिदोनाला देवदूत बलवान वीर म्हणतो तेथेही हाच आहे. सबंध जुन्या करारात प्रत्यक्ष एका स्त्रीला उद्देशून हे शब्द एकदाच उच्चारले गेले आहेत, आणि ती स्त्री आहे रूथ. शेताचा मालक बवाज तिला रूथच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात हे म्हणतो तेव्हा रूथ काय होती? परक्या मवाब देशची, विधवा, निपुत्रिक, सासूला जगवण्यासाठी दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी बाई. तिचे लग्न आणि तिचा मुलगा ओबेद हे पुढे चौथ्या अध्यायात येतात. सद्गुणी स्त्री ही पदवी तिला त्याआधी मिळालेली होती.

हेच उदाहरण तिसऱ्या विधानालाही लागू पडते, पण ते विधान इतके जखम करणारे आहे की त्याला स्वतंत्र उत्तर द्यावे असे मला वाटते. मूल न होणे हे देवाच्या नाराजीचे चिन्ह आहे असे लिहिणाऱ्याने लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्यायही उघडलेला दिसत नाही. तेथे जखऱ्या आणि अलीशिबा यांच्याविषयी सहाव्या वचनात म्हटले आहे की ती दोघे देवाच्या दृष्टीने नीतिमान होती आणि प्रभूच्या आज्ञांप्रमाणे निर्दोष चालत होती. आणि सातव्या वचनात, त्यांना मूल नव्हते. लूकने ही दोन वचने लागोपाठ ठेवली आहेत, जणू त्यालाही शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबुज ठाऊक होती. याच शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात गर्दीतील एक स्त्री येशूला म्हणते की ज्या उदराने तुला वाहिले ते धन्य. मातृत्वाचा याहून मोठा गौरव कोणता असणार? येशू तिला उत्तर देतो की त्यापेक्षा देवाचे वचन ऐकून ते पाळणारे धन्य. आपल्या आईचा तो अनादर करीत नाही. मरीयेनेही वचन ऐकले आणि पाळले होते. पण धन्यतेचे दार तो उदरापाशी ठेवत नाही. यशयाच्या 56 व्या अध्यायात तर ज्यांना संतती होणे शक्यच नाही अशांना परमेश्वर पुत्र आणि कन्या यांच्याहून उत्तम असे नाव द्यायचे कबूल करतो.

संदेशात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील, बाळंतपणाच्या योगे तारण होण्याविषयीचे वचन दिले आहे. त्या वचनाच्या अर्थाविषयी अभ्यासकांत शतकानुशतके मतभेद आहेत, परंतु बाळंतपण हेच तारणाचे साधन असा अर्थ कोणत्याही मंडळीने मान्य केलेला नाही, आणि करताही येणार नाही, कारण त्याच अध्यायात दहा वचने अलीकडे देव आणि मनुष्य यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे असे या पत्राचा लेखक प्रेषित पौल लिहितो. अविवाहित राहून प्रभूची सेवा करणाऱ्या स्त्रीची प्रशंसाही करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यानेच केली आहे. मदर्स डेच्या उपासनेनंतर सगळ्या मातांना गुलाबाचे फूल देण्याची पद्धत आता पुष्कळ मंडळ्यांत रूढ झाली आहे. हेतू चांगलाच असतो. पण फुलांची टोपली बाकांमधून पुढे सरकत असताना जिच्यासमोर ती थांबत नाही, तिने कोठे पाहावे, याचाही विचार एकदा सभेत व्हायला हरकत नाही.

मौनाचे विधान थोडक्यात संपते. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात गप्प राहण्याची आज्ञा तीनदा आहे आणि तिन्ही ठिकाणी ग्रीक क्रियापद एकच आहे: अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याने गप्प राहावे, दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर पहिल्याने गप्प राहावे, आणि स्त्रियांनी गप्प राहावे. पहिल्या दोन आज्ञा प्रसंगापुरत्या आहेत असे आपण सहज मानतो, तिसरी तेवढी जन्मभराची मानतो. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात सभेत प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक कसे ठेवावे हे पौल सांगतो, म्हणजे ती बोलत होती हे त्याने गृहीतच धरले आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिची तो शिफारस करतो आणि ती आपल्यासह पुष्कळांची आश्रयदात्री झाल्याचे लिहितो.

आणि हे कोल्हापुरात समजावून सांगावे लागते याचे मला नवल वाटते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आणि त्यांच्या पत्नी एलायझा 1852 मध्ये येथे आले. वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावात ते घराणे आजही आहे. त्यांची कन्या ग्रेस वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर भारतात परतली आणि अविवाहित राहून या भागात सेवा करीत राहिली. खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन वचन वाचून दाखवणाऱ्या बायबल बायांची परंपरा तर आपल्या आज्या-पणज्यांची. आणखी एक गोष्ट. पंडिता रमाबाईंनी, ज्या विशीतच विधवा झाल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याच्या छपाईचे काम तिथल्या स्त्रियांच्याच हातांनी झाले. 1922 मध्ये त्या वारल्या तेव्हा भाषांतर पुरे झालेले होते. स्त्रीने मौन धरावे हे वचन स्त्रीनेच मराठीत आणलेले आपण वाचू शकतो, यातला विनोद संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षात आला नसावा.

शेवटचे विधान मात्र विनोदाचे नाही. त्रास निमूट सोसावा यासाठी यिर्मयाच्या 29 व्या अध्यायातील 11 वे वचन दिले आहे. तो अध्याय म्हणजे बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले पत्र आहे. त्यात सत्तर वर्षांची मुदत दहाव्या वचनात आहे, आणि तोवर काय करावे हे पाचव्या वचनापासून सांगितले आहे: घरे बांधा, बागा लावा, त्यांचे फळ खा, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा. एका संपूर्ण समाजाला उभे राहून जगायला सांगणारे हे पत्र आहे. मार खाणाऱ्या एकट्या बाईला कोपऱ्यात बसून राहायला सांगण्यासाठी ते वापरणे हा वचनाचा गैरवापर आहे. ‘स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा’ हे वचनही संदेशात आहे. त्याच्या आधीचे, सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे सांगणारे वचन त्यात नाही, आणि पत्नीला मान न देणाऱ्या पतीच्या प्रार्थनांत व्यत्यय येतो हा पेत्राचा इशाराही नाही.

सोशिकतेचे उदाहरण म्हणून पौलाचे नाव घेणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये यातील बाविसावा अध्याय पाहावा. फटके मारण्यासाठी त्याला बांधले तेव्हा तो शताधिपतीला विचारतो की आपल्यासारख्या रोमी नागरिकाला चौकशीशिवाय फटके मारणे कायदेशीर आहे काय. पौलाने कायदा वापरला आणि त्याच्या विश्वासाला त्याने बाधा आली नाही. आपल्या देशात कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. ख्रिस्ती विवाहांना लागू असणाऱ्या 1869 च्या घटस्फोट कायद्यात 2001 मध्ये दुरुस्ती होऊन केवळ क्रूरता हेही पत्नीसाठी स्वतंत्र कारण झाले. त्याआधी क्रूरतेला व्यभिचाराची जोड सिद्ध करावी लागत असे. 181 ही महिलांची मदतवाहिनी आहे. घर मोडावे असा सल्ला मी कोणालाही देत नाही, पण जिवाला धोका असलेल्या भगिनीला पाळकांनी आणि वडीलजनांनी हा क्रमांक देण्याऐवजी यिर्मयाचे वचन दिले, तर त्याचा जाब त्यांना द्यावा लागेल.

पुढच्या बुधवारी वचन वाचण्याची पाळी त्या हुपरीच्या बाईची होती. तिने नीतिसूत्रांचा 31 वा अध्याय उघडला, काळवंडलेले बोट ओळीखालून फिरवत सोळाव्या वचनापर्यंत आली आणि थांबून मला म्हणाली, “बाई, शेत हिच्या नावावर होतं का हो?” मी म्हणाले, तसे लिहिलेले नाही, पण पैसे तिने मोजलेले दिसतात. ती पुढे वाचू लागली.

संदेशाच्या तळाशी, तो दहा भगिनींना पाठवल्यास तीन दिवसांत आशीर्वाद मिळेल असे लिहिले आहे. त्याखाली मात्र कोणत्याही वचनाचा संदर्भ नाही.