वरवंट्यासकट शरीक

‘बाळंतपणाची पिशवी’ यातला ‘पिशवी’ हा शब्द एकवचनी आहे, असा माझा समज होता. तो मे महिन्यात, पहाटे साडेतीनला, लातूरच्या एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर तेरा नगांच्या साक्षीने दूर झाला. नग मोजायचं काम धाकट्या भावाकडे होतं. डॉक्टरबाई माझ्या कळा मोजत होत्या, भाऊ बोचकी मोजत होता, आणि दोघांचेही आकडे वाढतच चालले होते.

सुरुवात तशी शिस्तीत झाली होती. छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत पिशवी भरून दाराशी ठेवा, ऐनवेळी धावपळ नको, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पुण्याहून औशाजवळच्या आमच्या गावी आले ती मोबाईलमध्ये यादी घेऊनच. पुढून बटणं असलेले तीन गाऊन, पॅडची पाकिटं, दोन सैल परकर (इलास्टिकचे नाहीत, नाडीचे, सिझर झालं तर इलास्टिक बरोबर टाक्यांवर बसतं), रबरी चपला, टॉवेल, बाळाची झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, फोनचा चार्जर. एका निळ्या बॅगेत सगळं मावलं. चेनसुद्धा लागली.

चेन लागलेली बघून आई गप्प झाली. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे नामंजूर.

“एवढंच?”

“चार दिवसांचं तर काम आहे, आई.”

“चार दिवस तुझे. आमचं काय?”

हे माझ्या यादीत नव्हतंच. पुण्यात दवाखान्यात माणूस शरीक, म्हणजे ॲडमिट, होतं. आमच्याकडं घर शरीक होतं. कॉट एकीला मिळते, बाकीचे कॉटच्या खाली, शेजारी, व्हरांड्यात आणि जिन्यात राहतात. त्यांना चहा लागतो, सतरंज्या लागतात, भाकरी लागते, तंबाखू लागते, दाढीचं सामान लागतं. बाळंतीण हे निमित्त.

मग ज्याला ज्याची भीती, त्यानं ते भरलं. आईला भुकेची भीती: पितळी डब्यात डिंकाचे लाडू, हाळिवाचे लाडू, खारकेची पूड, सुंठ, ओवा, बाळंतशेपा, बाजरीचं पीठ, आणि हे शिजवायला एक गॅसची शेगडी, जी दवाखान्यात चालत नाही हे तिला गेटवर कळायचं होतं. काकूला थंडीची भीती. लातूरचा मे महिना, पत्र्यावर भाकरी भाजली जाईल असं ऊन, आणि काकूनं दोन वाकळा, एक शाल, दोन कानटोप्या आणि लोकरीचे मोजे बांधले. “बाळंतिणीला वारं लागतंय,” ती म्हणाली. वारं कुठं होतं? असतं तर आम्हीच अंगावर घेतलं असतं.

दादांना पाण्याची भीती, आणि तिला हसायची माझी हिंमत नाही. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आमच्या घरानं बघितलंय. तेव्हापासून लातूरला जायचं म्हटलं की दादा आधी पाण्याचं बघतात, मग चपलेचं. वीस लिटरचा एक जार, दोन कॅन आणि वर एक घागर, रिकामी. “रिकामी कशाला?” असं विचारलं तर म्हणाले, “भरायला मिळालं तर?”

राहिली आज्जी. तिनं कुणालाच हात लावू दिला नाही. एका जुन्या इरकलीच्या तुकड्यात तिनं स्वतःच एक बोचकं बांधलं आणि त्यावर बसून राहिली. भावानं ते उचलायला घेतलं आणि कंबर धरली.

“आज्जे, दगडं भरलीस की काय?”

“एकच हाय,” आज्जी म्हणाली.

वरवंटा होता. अखंड, काळा, चांगला हातभर. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर नशीब लिहिते. त्या पूजेला पाटा-वरवंटा लागतो. पाटा नेता येणार नाही एवढी समजूत आज्जीनं दाखवली, याबद्दल तिचे आभारच मानायचे. वरवंट्याबरोबर हळदकुंकू, सुपारी, एक कोरा कागद आणि कोरा करकरीत पेन. सटवाईनं लिहायचं म्हणजे तिला सामान नको का?

मी म्हटलं, “पाचव्या दिवशी आपण घरी असू गं.”

“तुझं लेकरू तुला इचारून येणार हाय का?”

जे काही ती बोलते ते असं शेवटचं असतं.

कळा सुरू झाल्या त्या रात्री दीडला. शेजारच्यांची जीप आली. आधी सामान चढलं, मग मी. आशाताईंनी दम दिला होता म्हणून फाईल तेवढी आईच्या काखेत होती: सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. कुणी यादी मागितली तर मी एवढंच सांगेन, फाईल पिशवीत ठेवू नका, माणसाच्या काखेत ठेवा. पिशव्या हरवतात. काखा हरवत नाहीत.

काउंटरवरच्या मुलानं फॉर्म पुढं सरकवला. दोऱ्यानं बांधलेला पेन होता, पण त्याचा जीव गेला होता. त्यानं विचारलं, “पेन आहे का?”

तेरा नग. वरवंटा आहे, घागर आहे, कानटोपी आहे. पेन नाही. म्हणजे होता.

“आज्जी, पेन दे.”

“कशाला?”

“फॉर्म भरायचाय.”

“त्यो सटवाईचा हाय.”

भाऊ रस्त्यावर जाऊन एका ॲम्ब्युलन्सवाल्याकडून पेन मागून आला. सकाळपर्यंत कळांनी माझा दम काढला आणि मग डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळाचे ठोके कमी व्हायलेत, सिझर करावं लागेल. संमतीपत्रावर सही हवी. ॲम्ब्युलन्सवाला पेन घेऊन केव्हाच गेला होता. नवरा पुण्याहून निघून अजून बार्शीच्या अलीकडेच होता. आई रडवेली झाली, “आत्याबाई, पोरीचं सिझर व्हायलंय, आता तरी द्या पेन.”

“नशीब लिहायचा पेन सहीला उष्टा करू?” आज्जीनं बोचकं मांडीवर ओढलं.

शेवटी भुलीच्या डॉक्टरांनी खिशातला दिला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सही मी एका औषध कंपनीच्या फुकट पेननं केली.

लेक झाली. रडली, चांगली खणखणीत. सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “बाळाचे कपडे द्या.”

इथं भावाला आठवलं की घरून निघताना नग चौदा होते.

चौदावी म्हणजे माझी निळी बॅग. सगळ्यात शहाणी, सगळ्यात आधी भरलेली, म्हणून जीपमध्ये सगळ्यात खाली, सीटच्या आड. आणि जीप काकूला आणायला परत गावाकडं गेली होती. मग व्हरांड्यात बोचकी सुटली. ओवा निघाला, मोजे निघाले, दादांची दाढीची पेटी निघाली, बाजरीचं पीठ सांडलं. एक झबलं नाही. दादांनी खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. सिस्टरनी त्या टॉवेलकडं आणि मग दादांकडं असं बघितलं की त्यांनी तो परत खांद्यावर ठेवला.

शेजारच्या कॉटवर निलंग्याकडची एक बाळंतीण होती. तिच्या आईनं न बोलता वायरच्या पिशवीतून धुऊन मऊ पडलेलं एक झबलं आणि धडुत्याचं दुपटं काढून दिलं. माझ्या लेकीचं पहिलं वस्त्र ते. आईला फार लाज वाटली. आज्जीला नाही. “पहिलं कापड मागूनच घालावं,” ती म्हणाली, जणू बॅग तिनंच मुद्दाम मागं ठेवली होती. (मला अजून शंका आहे.)

पुढचे दिवस मी काय सांगू? सिझरनंतर आधी पाण्याचा थेंब नाही, मग चमच्यानं पाणी, मग नारळपाणी. लघवीची नळी लावलेली, कुशीवर वळता येत नाही, आणि डोक्यापाशी डिंकाच्या लाडवांचा डबा उघडतोय. भेटायला गावाकडून जीपभरून माणसं यायची. प्रत्येकजण म्हणायचा, “बाळंतिणीसाठी आहेत, आम्हाला कशाला,” आणि दोन उचलायचा. मला जेवायची परवानगी मिळाली त्या दिवशी डब्यात तुपाचा वास होता. नुसता वास.

आज्जीच्या बोचक्यातून मधाची बाटली निघाली. बोट बुडवून ती बाळाच्या तोंडाकडं न्यायच्या आत सिस्टरनी हात धरला. “आजी, मध नाही, साखरपाणी नाही. आईचं पहिलं पिवळं दूध, चीक, तेच द्यायचं. सहा महिने दुसरं काही नाही. पाणीसुद्धा नाही.”

दादा जारशेजारी उभे होते. “पाणीसुद्धा नाही?” त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, “बरंच हाय. लातूरचं लेकरू हाय, आतापासून सवय झालेली बरी.”

घागर काही भरली नाही. पण काय उपयोगी पडलं ते ऐकाल तर हसाल. भावानं स्वतःच्या मोबाईलसाठी आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड, कारण दवाखान्यात प्लगची जागा कॉटपासून नेहमी दीड हात जास्त असते. त्या बोर्डावर आख्ख्या वॉर्डचे फोन चार्ज झाले. सुतळी, लंगोट वाळत घालायला. आणि वरवंटा. वॉर्डाचं दार वाऱ्याविना आपटायचं, प्रत्येक आपटण्याला चार लेकरं एकदम उठायची. दुसऱ्या दिवशी मावशींनी वरवंटा दाराला लावला आणि सगळी निजली. डॉक्टरबाई राऊंडला आल्या, ठेचकाळल्या, खाली बघितलं, काहीच बोलल्या नाहीत. लातूरला प्रॅक्टिस करून त्यांना वीस वर्षं झाली होती.

निळी बॅग तिसऱ्या दिवशी आली. काकूनं तीत कानटोप्या भरून आणल्या होत्या.

त्याच दिवशी ऑफिसचा मुलगा जन्मनोंदीचा कागद घेऊन आला. नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी, आईबापाचं नाव आधारवर आहे तसंच लिहा, एका वेलांटीसाठी पुढं हेलपाटे घालावे लागतात, वगैरे. एवढं सांगून त्यानं खिसे चाचपले आणि आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळ्यांनी आज्जीकडं बघितलं. आज्जीनं खिडकीकडं बघितलं.

पाचवीची रात्र अर्थात दवाखान्यातच आली. आज्जी मला “बघ” असं म्हणाली नाही. त्यापेक्षा म्हणाली असती तर बरं झालं असतं. दाराचा वरवंटा सोडवून तिनं धुतला, हळदकुंकू लावलं, कॉटशेजारच्या औषधांच्या टेबलावर आडवा ठेवला. दिवा लावायला सिस्टरनी साफ नाही म्हटलं, वर ऑक्सिजनची लाईन होती. मग नवऱ्यानं मोबाईलची बॅटरी लावून ठेवली. सुपारी, कोरा कागद, त्यावर पेन. टोपण काढून ठेवलेलं, सटवाईची खोटी नको. “आता कुणी जागायचं न्हाई, तिला बघायचं नसतं,” असं बजावून आज्जी सतरंजीवर पडली आणि पहिल्यांदा घोरली.

तीनच्या सुमाराला मला अर्धवट जाग आली. पांढरे कपडे. दंडाला काहीतरी आवळलं, सुटलं. कागदाची सळसळ झाली. मी गुंगीत होते. हात जोडले असावेत.

सकाळी आज्जीनं कागद उचलला आणि तिचा हात थरथरायला लागला. त्यावर लिहिलेलं होतं. तिला अक्षरं येत नाहीत, पण कोऱ्या कागदावर रात्री नव्हतं ते आता आहे, एवढं कळायला शाळा लागत नाही. आजवर तिनं घरातल्या सोळा लेकरांच्या पाचव्या पूजल्या होत्या. कागद कोराच राहायचा.

“काय लिव्हलंय, वाच.”

मी बघितलं. निळ्या शाईत, घाईघाईतलं अक्षर: 110/70. रात्रपाळीच्या सिस्टरच्या पेनची शाई संपली होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण आज्जी समोर उभी, डोळ्यांत पाणी, आणि नगांच्या ढिगाऱ्यावर बसून घरातले सगळे माझ्या तोंडाकडं बघताहेत.

“एकशे दहा आणि सत्तर,” मी म्हटलं. खोटं नव्हतं.

आज्जीनं डोळे मिटले, थोडा वेळ हिशेब केला. “एकशे दहा वर्सं आयुष्य,” तिनं कागद कपाळाला लावला. “आन सत्तर एक्कर रान.”

खोलीत कुणी बोललं नाही. परभणीहून रात्रीच्या गाडीनं आलेले माझे सासरे दारात उभे होते. वरवंटा काढल्यानं दार त्यांच्या पाठीत लागलं, तरी ते हलले नाहीत. घसा साफ करून त्यांनी विचारलं,

“बागायत का कोरडवाहू, ते लिव्हलंय का खाली?”